दोन हजारात काळं व्हायचंय? मग ‘गॉथ’ शोधणं बंद कर

एका मुलीचा प्रश्न आलाय. पुण्यात सेकंड इयरला आहे, गॉथ (काळे, जुन्या भुताटकीच्या गोष्टीतले वाटावेत असे कपडे) आणि पंक (फाटकं, पिना आणि खिळे लावलेलं) दोन्ही आवडतं, ऑनलाइन एक कॉर्सेट टॉप (नाडीने आवळायचा, कंबरेत घट्ट) बघितला तर एकटाच अडीच हजार, आणि हिच्याकडे सगळं मिळून दोन हजार. तीन वेळा थ्रिफ्टला, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात, जाऊन आली, काहीच मिळालं नाही, इन्स्टावर बाकीच्यांना कसं मिळतं कळत नाही, आणि घरी आई म्हणते सारखं काळं काय घालतेस. काय करू?

बाई गं, तीन वेळा रिकाम्या हाताने आलीस याचं कारण सोप्पंय, तू गॉथ कपडे शोधत होतीस. ते तिथे नसतातच. आपल्याकडे गॉथ घालणारे मुळात किती, ते टाकून देणारे किती, आणि ते नेमके त्या रविवारी त्याच ढिगात यायचे! ढिगात असतं ते कापड आणि असते ती कटिंग. गॉथ किंवा पंक ते नंतर घरी आणि टेलरकडे होतं. मी गेली पंधरा-सोळा वर्षं प्रायोगिक नाटकांचा कपडेपट बघते, म्हणजे बजेट शून्य आणि दिग्दर्शकाला हवा असतो व्हिक्टोरियन विधवेचा झगा, त्यामुळे जुने कपडे उपसण्यात माझे बरेच रविवार गेलेत. आणि त्याआधी मी स्वतः डोंबिवलीची काळा टी-शर्टवाली होते, मुंबईच्या रंगभवनचं आय-रॉक, म्हणजे रॉक बँडचा जलसा, एकदा बघितलेली. 1986 पासून ते भरायचं धोबी तलावला, आणि तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट. अर्धी गर्दी तिथूनच टी-शर्ट घेऊन आत शिरायची. बाकी जीन्स दादाची, बूट एनसीसीचे. कोणाकडेच पैसे नव्हते आणि कोणी ‘लुक’ विकत घेतलेला नव्हता. पंक सुरू झालं तेही असंच, फाटकं होतं ते सेफ्टी पिनने जोडलं. पुढे तेच लंडनच्या किंग्ज रोडवरच्या, पंक फॅशन गाजवणाऱ्या व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लारेनच्या दुकानात महागात विकलं गेलं ती गोष्ट वेगळी.

तर आधी माल कुठून येतो ते समजून घे, कारण त्यावरून कुठल्या ढिगात हात घालायचा ते ठरतं.

एक ढीग घरगुती. बोहारीण आठवते का, की तुझ्या सोसायटीत येतच नाही आता? जुन्या साड्या-पँटी घेऊन स्टीलचं पातेलं देणारी. त्या बायका बहुतेक वाघरी समाजाच्या, मूळ गुजरातकडच्या, आणि त्यांनी डोक्यावरून वाहून नेलेली बोचकी पुढे निवडली जातात, धुवून इस्त्री होऊन परत बाजारात येतात. दिल्लीत रघुबीर नगरला तर याचा अख्खा बाजार पहाटे अंधारात भरतो. या ढिगात सुती, टेरिकॉट, लग्नातले सूट, साड्या, शाळेचे ब्लेझर. दुसरा ढीग परदेशी. वापरलेले कपडे भारतात सरळ आणून विकायला परवानगी नाही, चिंध्या करून आणायला आहे, त्या पानिपतला जातात आणि तिथे त्यांचं सूत निघून ब्लँकेटं होतात. गुजरातेतल्या कांडल्याच्या सेझमध्ये (निर्यातीसाठी वेगळे नियम असलेला पट्टा) मात्र आख्खे कपडे येतात, निवडून पुन्हा बाहेर पाठवायचे या अटीवर, आणि त्यातून झिरपलेला माल म्हणजे तुझं हे थ्रिफ्ट. या ढिगाला एक ठराविक वास असतो, औषध मारल्यासारखा, एकदा कळला की दहा फुटांवरून ओळखशील. जाड डेनिम, लोकरीचे कोट, लेदर, कोरियन लेबलं सगळं इथे. तिसरा ढीग हा मुळात जुना नाहीच, तो एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे निर्यातीतून उरलेला, लेबल अर्धं कापलेलं, नवीन माल. फॅशन स्ट्रीट, कुलाबा कॉजवे, दिल्लीचं सरोजिनी, इथे बरंचसं हे आणि त्याच्या नकला. वाईट नाही, पण ‘थ्रिफ्ट’ म्हणून जास्त पैसे द्यायचे नाहीत.

तू पुण्यात आहेस म्हणजे मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत असतीस तर शुक्रवारचा चोर बाजार सांगितला असता, त्या दिवशी मटण स्ट्रीटची दुकानं बंद आणि रस्त्यावर ढीग. गोव्यात म्हापशाचा शुक्रवार चांगला. हणजूणचा बुधवारचा बाजार हिप्पी लोकांनी आपलंच सामान विकून सुरू केलेला म्हणतात, आता तिथे टूरिस्ट रेट आहे, फिरायला जा, घ्यायला नको.

जाताना सकाळी लवकर जा, पाठीवर सॅक, सुट्टे पैसे, आणि मोजायची टेप. टेप विसरलीस तर घरीच बस खरंच. लेबलवरचा साइज हा विनोद असतो, कोरियन एल आणि अमेरिकन एल यांच्यात एक माणूस मावतो. तिथे ट्रायल रूम नाही, म्हणून तुझ्या अंगावर नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट घरी जमिनीवर पसरून मापं घे आणि फोनमध्ये लिहून ठेव: खांदा, छाती, मुंढा, बाहीची लांबी, कंबर, सीट, मांडी. बाजारात कपडा सपाट धरून तेवढंच मोजायचं. यात सगळ्यात महत्त्वाचं माप खांदा. कंबर टेलर दीड-दोन इंच सहज आत घेतो, लांबी तर काय कुणीही कमी करतं, बाही कमी होते, पण खांदा उतरलेला असेल तर आख्खी बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, कोटाचं अस्तर सोडवावं लागतं, आणि तेवढ्यात दुसरा कोट येतो. घट्ट कपडा सैल करायचा असेल तर आत शिलाईला दाब किती सोडलाय ते उलटं करून बघ. भारतीय टेलरने शिवलेल्या जुन्या कपड्यात एक-दीड इंच दाब असतो, माणूस जाड होणार हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. फॅक्टरी मालात ओव्हरलॉकची कड सोडून काहीच नसतं.

आता बघायचं कसं. डोळे बंद नको करूस पण आधी हात चालव. ढिगाच्या बाजूने चालत जा आणि हात फिरवत रहा, चांगलं कापड हाताला लागतं, रंग-बिंग नंतर. जाड सुती, डेनिम, कॉर्डरॉय, लोकर, मलमल, रेशीम हे हाताला कळायला चार रविवार लागतील, पण मग डोक्यातून जात नाही. रंग काळा नसला तरी चालेल, हे खास सांगते, कारण तू बहुतेक फक्त काळंच उचलत होतीस. जुना काळा हा काळा नसतोच, तो विटका तपकिरी किंवा हिरवट असतो. त्यापेक्षा गडद निळी किंवा बाटली हिरवी सुती वस्तू घे आणि घरी रंगव, जास्त खोल काळा येतो. मग उजेडाकडे धरायचं, आरपार बघायचं. काखेत आणि जांघेत कापड विरलंय का, गुडघ्याला चाळणी झालीये का, कसर लागलीये का. चेन दोन वेळा वर-खाली कर. स्ट्रेच जीन्स असेल तर ओढून सोड, परत आली नाही तर लायक्रा मेलेली आहे, त्याला उपाय नाही. डाग काळ्या रंगाखाली बरेचसे जातात, घामाचे पिवळे डाग, चहा वगैरे, पण तेलाचा डाग रंग धरत नाही, तिथे चट्टा दिसत राहतो.

आणि पुरुषांच्या ढिगात जा! मुली बायकांच्या टॉपच्या ढिगावर तुटून पडतात आणि तिथे असतं काय, पॉलिस्टरचे झिरझिरीत टॉप. पुरुषांकडे असतो लग्नातला सूट. विचार कर, एकदाच घातलेला, पुढच्या वर्षी पोट सुटलं, दहा वर्षं कपाटात, मग बोहारणीला. काळा किंवा गडद करडा, आत अस्तर, शिलाई उत्तम, आणि वेस्टकोट तर कुणालाच नको असतो म्हणून तो पन्नास-शंभरात मिळतो. हा वेस्टकोट पाठीमागून टक्स (आत दाबून शिवलेल्या चुण्या) घालून घट्ट केला, मागच्या पट्टीच्या जागी दोन ओळीत आयलेट (धातूच्या कडीची भोकं) मारून काळी नाडी ओवली, की तुझा अडीच हजाराचा टॉप झाला जवळजवळ. मी असे चार केलेत, एक अजून प्रयोगात चालतो. वकिलांचे काळे कोट हा दुसरा सोन्याचा साठा. कोर्टाच्या आसपासच्या टेलरकडे विचार, नेलेच नाहीत असे शिवून पडलेले असतात (पांढरा बँड घालून हिंडू नकोस फक्त, तो पोशाख त्यांचाच). आणि तिसरं माझं लाडकं, बँडवाल्यांचे कोट. लग्नाच्या वरातीतले, खांद्यावर झालर, छातीवर सोनेरी दोरीची नक्षी, पितळी बटणं. दर काही सीझननी नवे शिवतात आणि जुने असेच पडून असतात, जाऊन नीट विचारलं तर देतात. लाल असतो बऱ्याचदा, पण उलटी बाजू उसवून बघ कुठलं कापड आहे, आणि नाहीच रंगला तर नुसती झालर आणि बटणं काढून काळ्या ब्लेझरवर लाव. हे मला कुठल्याही परदेशी मालात कधी दिसलं नाही, हे आपलंच.

रंगाचं सविस्तर सांगते कारण इथेच सगळे फसतात.

आधी कापड ओळख. आतल्या शिलाईतून दोन धागे काढ, घरी येऊन, चिमट्यात धरून, बेसिनवर जाळ (बाजारात नको, दुकानदार हाकलेल). कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा व्हिस्कोस, छान रंगतं. जळक्या केसांचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, आणि पॉलिस्टरला किराणा दुकानातली रंगाची पुडी चढत नाही, कितीही उकळ, मळकट करडं होईल बस. टेरिकॉट म्हणजे मिश्र, ते अर्धवट चढतं. म्हणून पॉलिस्टर घ्यायचं असेल तर मुळातच काळं घे. तसं पॉलिस्टरचा काळा विटत नाही, अबायासाठी जे निदा कापड मिळतं त्याचा काळा बघ कसा वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याची पडण अशी सुंदर असते की लांब स्कर्टला त्याला तोड नाही, फक्त उन्हात घालू नकोस, उकडून मरशील.

सुतीला रंगवताना काळ्या रंगाला पुडीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट रंग लागतो. कपडा आधी धुवून ओला करून घे, खळ काढून टाक. स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही, एक जुनं स्टीलचं पातेलं कायमचं रंगाला दे. पाणी भरपूर, कपडा मोकळा हलला पाहिजे नाहीतर ढगाळ होतो. गरम पाण्यात रंग पूर्ण विरघळवून गाळून घे, मग कपडा, मग थोड्या वेळाने मीठ, मीठ सुरुवातीलाच टाकलं तर रंग एका जागी पटकन धरतो आणि पट्टे येतात. पाऊण-एक तास ढवळत रहा, मोबाईल ठेव बाजूला. तसंच पाण्यात गार होऊ दे. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळ. ओला असताना तो भयंकर काळा दिसतो, वाळला की एक पायरी उतरतो, म्हणून नाराज होऊ नकोस, दुसऱ्यांदा टाक. शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, तो जुन्या रंगाचाच राहतो, म्हणजे काळ्या जॅकेटवर लाल टाके, आणि खरं सांगायचं तर ते पंकवर मुद्दाम केल्यासारखं भारी दिसतं. छापील कपड्यावर छाप भुतासारखी खालून दिसते, ते पण मला आवडतं. लाल कपड्यावर काळा टाकशील तर तांबूस झाक राहते.

पुडी नको असेल तर जुनी पद्धत आहे, हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार). हिरड्याच्या पाण्यात सुती कपडा रात्रभर भिजवायचा, वाळवायचा, मग हिराकशीच्या पाण्यात बुडवला की डोळ्यासमोर काळा पडतो. कलमकारीतला काळा याच जातीचा, ते लोक लोखंड आणि गूळ आंबवून करतात. सुंदर मऊ काळा येतो, थोडा करडा. पण हिराकस बेताने, लोखंड जास्त झालं की सुती धागा कमजोर होतो आणि वर्षभरात कपडा फाटतो, मी एक मलमलचा कुर्ता असाच घालवलाय. आणि हातमोजे घाल.

ब्लीचने पंकवालं शिंपडायचं असेल तर काळा सुती कपडा गंजासारखा केशरी होतो, फार छान. लायक्रा, रेशीम, लोकर यांवर अजिबात नको, विरघळतं. खिडकी उघडी ठेव. आणि हे नीट वाच: ब्लीच थांबवायला व्हिनेगर टाका असं कुठेतरी सांगतात, ते करू नकोस, ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो. टॉयलेट क्लीनरचं पण तेच. नुसत्या भरपूर पाण्यात धू.

आता पैसे कसे लावायचे. मी तुझ्या जागी असते तर दोन हजारातले निम्मे पायात आणि टेलरमध्ये घातले असते, कपड्यात नाही. कपडे पाचशेत होतात: एक ब्लेझर किंवा वेस्टकोट, एक डेनिम जॅकेट किंवा जीन्स, एक-दोन सुती सैल वस्तू. मागच्या खेपेला मला जीन्स दीडशेला मिळाली, ब्लेझर अडीचशेला, तुला बोलता आलं तर कमी होईल. पण एक सांगू, दहा-वीस रुपयांसाठी जीव काढू नकोस, त्या बाईने ते बोचकं किती जिने चढून गोळा केलंय ते आठव. आणि बाजूला एखादा माणूस कामावर घालायला पँट शोधत असेल तर ती मजबूत पँट त्याला जाऊ दे. थ्रिफ्ट पेज चालवणारे लोक तिथल्या चांगल्या पँटी घाऊक उचलून पाचपटीला विकतात ते मला डोक्यात जातं. टेलरला चारशे बाजूला ठेव, आणि टेलर शोधताना मॉलजवळचा अल्टरवाला नको, शाळेचे गणवेश शिवणारा म्हातारा टेलर शोध. त्याला ‘गॉथ’ म्हणू नकोस, त्याला टेलरच्या भाषेत सांग, पाठीत टक्स घ्या, कळी टाका, कंबर इतकी आत, इथे आयलेट. चित्र काढून ने. माझे टेलरकाका पहिल्यांदा विचारायचे हे कुणाचं, राक्षसाचं काम आहे का, आता स्वतः सुचवतात.

आयलेट, टिचबटणं, खिळे, साखळ्या, लेस हे सगळं रविवार पेठेत, बोहरी आळीत वगैरे, वजनावर किंवा डझनावर. आयलेट मारायला मशीन घेऊ नकोस, कोपऱ्यावर चप्पल-बॅग शिवणारे काका पाच-दहा रुपयात एक मारून देतात आणि तुझ्या हातोडीपेक्षा शंभर पट सरळ. त्यांच्याकडूनच मेण लावलेला दोरा माग, जॅकेटवर पॅच शिवायला त्याच्यासारखा दोरा नाही (पंकवाले दात कोरायचा फ्लॉस वापरतात, तो पण चालतो, पण हा स्वस्त). कॉर्सेट खरंच करायचा असेल तर ‘हाडं’ म्हणजे आत ताठ पट्ट्या लागतात, त्यांच्या जागी जाड केबल टाय, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, टोकं गोल कापून मेणबत्तीवर भाजून घे म्हणजे टोचत नाहीत. आणि कापड? खण. काळ्या खणाचा कॉर्सेट बघितलायस का कधी? अशी बारीक वीण, असा काठ, युरोपातल्या ब्रोकेडला रडवेल. पण खणाला आतून जाड सुती अस्तर लाव, एकटा ताण घेत नाही.

यावरून आईचा मुद्दा. तुझ्या आईला काळं चालत नाही म्हणतेस, आणि संक्रांतीला काय घालते ती? आपल्याकडे काळ्याचा एक आख्खा सण आहे बाई. चंद्रकळा ही काळी साडी घराघरात होती, नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, म्हणजे काळ्यावर पांढरे काटेरी मणी, याच्याहून गॉथ काय असतं मला सांग. तू आजीची ट्रंक उघड. काळी इरकल, चंद्रकळा, विरलेली असेल तर साडी म्हणून नेसता येणार नाही पण पदर आणि काठ शाबूत असतात, त्याचा स्कर्ट, त्याचं जॅकेटचं अस्तर. विचारून काप हं, मी न विचारता कापली होती आणि आजी दोन दिवस बोलली नाही, मग झालेला स्कर्ट बघून म्हणाली पदर मध्यभागी यायला हवा होता. मी तुळशीबागेतली काळी पोत गळ्यात चोकरसारखी बांधून कॉलेजला गेले होते तेव्हा मात्र घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

हवामान विसरू नकोस. इंटरनेटवरचे फोटो लंडनच्या थंडीतले असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारी लोकरीचा कोट चालेल, एप्रिलमध्ये दोनच थर, आणि दोन्ही सुती, सैल. जाळीचा टी-शर्ट हवाय तर पुरुषांची जाळीची बनियन घे, काळी रंगव, झालं.

रेक्झिनचं जॅकेट कधीही जुनं घेऊ नकोस, हे मोठ्या अक्षरात लिही. ते पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेन प्लास्टिकचा, थर दिलेलं नकली लेदर, आपल्या दमटपणात त्याचा थर सुटतो, बाजारात छान दिसतं आणि एका पावसाळ्यात खांद्यावरून साप कात टाकतो तसं निघायला लागतं, चिकटवून काही होत नाही. माझे बाराशे असेच गेले, एका ऑनलाइन थ्रिफ्ट पेजवरून ‘विंटेज लेदर’ म्हणून मागवलेलं, आलं तेव्हाच कॉलर सोलत होती, मेसेज केला तर ब्लॉक. तेव्हापासून ऑनलाइन घेताना मी तीन गोष्टी मागते: टेप ठेवून काढलेला छाती-खांद्याचा फोटो, आतल्या लेबलचा फोटो, काखेचा फोटो. काखेचा फोटो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. सगळे तसे नसतात, ईशान्येकडची कितीतरी पेजेस फार छान निवडतात, तिकडे सेकंडहँड घालायची सवय आणि नजर दोन्ही आपल्यापेक्षा जुनी. खरं लेदर ओळखायचं तर कापलेली कड बघ, आतून केसाळ तंतू दिसतात, नकलीला मागे विणलेलं कापड असतं. खऱ्यावर बुरशी असेल तर घाबरू नको, पुसून, सावलीत वाळवून, थोडं तेल किंवा पॉलिश, जातं.

घरी आणल्यावर सरळ कपाटात नाही! प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाल्कनीत. ढेकूण आले घरात तर दोन हजाराचे वीस हजार होतील. धुता येणारं सगळं गरम पाण्यात, साठ डिग्रीला मशीन असेल तर उत्तम, मग कडक ऊन, मग शिलाईवरून गरम इस्त्री. लोकर आणि कोट धुता येत नाहीत, ते पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये चार-पाच दिवस, आईस्क्रीमवाला ओळखीचा असेल तर बरं. वास राहिला तर वारा लागेल असं टांगून ठेव, अत्तर मारू नकोस, दोन्ही वास एकत्र फार भयानक होतात. काळे कपडे नंतर कायम उलटे करून गार पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे, एवढ्याने काळा दुप्पट टिकतो.

राहिले बूट, सातशे-आठशे ठेव त्याला. डॉक मार्टेन्सच (पंकवाल्यांचे लाडके ब्रिटिश बूट) हवेत असं काही नाही. तो आठ भोकांचा बूट 1 एप्रिल 1960 ला आला त्यावरून 1460 नाव पडलं, आणि तो कामगारांचाच बूट होता. आपल्याकडचा तसा बूट म्हणजे एनसीसीचा, पोलिसांचा. वर्दीचं सामान विकणाऱ्या दुकानात नवा काळा लेदरचा बूट बऱ्याचदा थ्रिफ्टच्या जुन्या बूटापेक्षा स्वस्त पडतो, डॉक मार्टेन्ससारखा कडेला पिवळा दोरा हवा तर मेणाचा दोरा घेऊन कडेने मोच्याकडून टाके मारून घे, नाड्या बदल. तिथे गेलीसच तर आर्मीची नवी कॉम्बॅट वर्दी, जी 2022 ला आली, त्या छपाईचं कापड मात्र घेऊ नकोस, ते बाहेर विकायलाच बंदी आहे, आणि पुण्यात कॅन्टोन्मेंटजवळ ते घालून हिंडशील तर उगाच अडवतील. जुनाच बूट घ्यायचा असेल तर अंगठ्याने सोल जोरात दाब आणि बूट मधून वाकव. पीयूचा सोल पडून पडून आतून सडतो, दिसायला नवाकोरा, आणि दहा पावलांवर बिस्किटासारखा तुकडे तुकडे. भेगा पडल्या किंवा चिकट पावडर हाताला लागली तर ठेवून दे. वरचं लेदर चांगलं असेल आणि सोल शिवलेला असेल तर मात्र घे, मोची तीनशे-चारशेत टायरचा सोल लावून देतो, आणि टायरचा सोल लावलेला बूट कसला भारी दिसतो ते लावल्यावर फोटो पाठव.